मदत हवी आहे: न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर पहिल्यांदाच कॅम्परव्हॅनने जातो आहोत, रात्री गाडी कुठे लावावी?

दुपारचा_चहा

नमस्कार. आम्ही न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर कॅम्परव्हॅनने फिरणार आहोत आणि नऊ रात्रींपैकी एकही रात्र कुठे काढायची हे अजून ठरलेले नाही. क्राइस्टचर्चला गाडी ताब्यात घ्यायची, टेकापो, आओराकी माउंट कुक, वानाका, ते आनाउ, मिलफर्ड असे करत क्वीन्सटाउनला परत द्यायची, एवढेच नक्की आहे. गाडीचे पैसे भरून झाले आहेत, त्यामुळे "त्यापेक्षा हॉटेलच घ्या" हा सल्ला कृपया कोणी देऊ नये. यजमानांचे म्हणणे असे की जिथे तळे आवडेल तिथे थांबायचे, त्यासाठीच तर ही गाडी घेतली. मी मात्र तीन रात्री नकाशा उघडून बसले आहे आणि फुकट जागा, सरकारी जागा, हॉलिडे पार्क (पैसे भरून गाडी लावायचे खाजगी तळ) यांत माझा पार गोंधळ उडाला आहे. कोणी सरळ नऊ नावे लिहून देईल का? थोडी घाई आहे.

दक्षिणायन

मी क्राइस्टचर्चमध्ये राहतो. नऊ नावे देता येतील, पण आधी चार गोष्टी सांगा: महिना कोणता, माणसे किती आणि कोणत्या वयाची, गाडीत शौचालय आहे का, आणि असल्यास ते गाडीला कायमचे बसवलेले आहे का. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची निम्मी यादी अवलंबून आहे.

गाडीवान

इतक्या चौकशीची काहीच गरज नाही. आम्ही २०१६ साली अकरा रात्री हिंडलो आणि मुक्कामासाठी एक डॉलरही मोजला नाही. गाडीत प्लास्टिकचे सुटे शौचालय होते, काचेवर निळा स्टिकर होता आणि संध्याकाळ झाली की तळ्याकाठी गाडी उभी करायची, इतके ते सोपे होते. आधी बुकिंग करून ठेवणे म्हणजे कॅम्परव्हॅनचा अपमान आहे. तुमच्या यजमानांचे बरोबर आहे.

दक्षिणायन

गाडीवान, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो २०१६ चा आहे. २०२३ साली कायदा बदलला. आता स्थानिक कौन्सिलच्या जमिनीवर फुकट मुक्काम करायचा असेल तर गाडी प्रमाणित 'सेल्फ कन्टेन्ड' असावी लागते. शौचालय गाडीला पक्के बसवलेले हवे आणि पलंग पूर्ण उघडलेला असतानाही ते वापरता आले पाहिजे. शिवाय माणशी तीन दिवसांचे पाणी, म्हणजे १२ लिटर, गाडीत मावले पाहिजे. याला अपवाद फक्त कौन्सिलने मुद्दाम मोकळ्या ठेवलेल्या काही जागांचा. प्रमाणपत्राच्या जुन्या निळ्या स्टिकरच्या जागी आता हिरवे कार्ड आले आहे. नियम मोडल्यास ४०० डॉलरचा दंड होऊ शकतो आणि भाड्याच्या गाडीचा दंड फिरून तुमच्याच क्रेडिट कार्डावर येतो.

मी_मूळचा_मालवणचा

माझे स्पष्ट मत असे की पहिली कॅम्परव्हॅन सहल आपल्या कोकणात करावी. सागरी महामार्गाने चार दिवस जाऊन या, भाषेची अडचण नाही, मासे ताजे मिळतात आणि सवय होते. न्यूझीलंड कुठे पळून जात नाही.

शंकेखोर

मालवणकर, त्यांनी पैसे भरले आहेत असे पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

दुपारचा_चहा

क्षमस्व, हे सगळे लिहायला हवे होते हे लक्षातच आले नाही. गाडी २६ डिसेंबरला मिळेल आणि ४ जानेवारीला परत करायची आहे. आम्ही दोघे, पाच वर्षांची मुलगी आणि सासूबाई (वय ६८, गुडघे दुखतात). गाडी चार जणांची आहे. शौचालय आहे; फोटोत ते मागच्या बाकाखाली एका पेटीत दिसते आणि लागेल तेव्हा ओढून बाहेर काढायचे असते. हिरव्या कार्डाबद्दल कागदपत्रांत काहीच सापडले नाही.

दक्षिणायन

म्हणजे ते सुटे शौचालय आहे. कंपनीला एका ओळीत विचारून खात्री करून घ्या, पण वर्णनावरून गाडी प्रमाणित नसावी. तसे असेल तर पुकाकी तळ्याकाठचे फोटोतले फुकट मुक्काम तुमच्यासाठी नाहीत, हे यजमानांना आजच सांगावे. तुमच्यासाठी दोन पर्याय उरतात: हॉलिडे पार्क, आणि संवर्धन विभागाचे, म्हणजे इथे ज्याला सगळे 'डॉक' म्हणतात त्याचे, शौचालय असलेले मुक्कामाचे तळ. तिथे अशा गाडीला अडचण नसते.

दुसरी गोष्ट तारखांची. नाताळ ते जानेवारीचा पहिला आठवडा या काळात इथले लोक स्वतःच सुट्टीवर निघतात, टेकापो, वानाका आणि क्वीन्सटाउनचे पार्क महिनोन् महिने आधी भरतात आणि काही ठिकाणी किमान दोन-तीन रात्रींची अट असते. "आवडेल तिथे थांबू" हे मे महिन्यात चालते.

गाडीवान

कायदा बदलला हे मान्य. पण हॉलिडे पार्क म्हणजे शेजाऱ्याच्या गाडीपासून चार हातांवर झोपायचे आणि दात घासायला रांग लावायची. तेवढ्यासाठी एवढे समुद्र ओलांडून का जावे, हा माझा प्रश्न कायम आहे.

सुगरणकाकू

सोबत खाद्यपदार्थ नेणार असाल तर न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर प्रत्येक वस्तू जाहीर करावी. कोरडा गोडा मसाला मी दरवेळी दाखवते आणि तो परत मिळतो, पण ताजा कढीपत्ता आणि मध अजिबात नेऊ नका. लपवलेले सापडले तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे. मुलगी सात वर्षांची होईपर्यंत तिला मान्यताप्राप्त चाइल्ड सीट लागते, तीही गाडीसोबत मागून ठेवा.

शंकेखोर

काकू, माहिती उपयोगी आहे, पण प्रश्न मुक्कामाचा होता. कोणी वयस्कर माणसांना घेऊन जाऊन आले आहे का?

ओला_टॉवेल

आम्ही माझ्या आईला घेऊन गेलो होतो, तेव्हा ती ७१ वर्षांची होती, म्हणून सविस्तर लिहितो. चार जणांच्या गाडीत जेवणाचे टेबल खाली पाडून त्यावर गादीचे तुकडे जुळवून एक पलंग करावा लागतो आणि दुसरा बहुधा वर, शिडीने चढून जाण्याचा असतो. आई अर्थातच खाली झोपणार. रात्री तिला उठायचे झाले की पायांशी ठेवलेल्या बॅगा आधी उचलायच्या, मग सरकते दार उघडायचे, आणि ते दार असे खणाणते की चौघेही जागे होतात. ते आनाउला पहिल्या रात्री पाऊस होता. आईने साडीवर रेनकोट घातला, मी टॉर्च धरला आणि आम्ही ओल्या गवतातून पार्कच्या शौचालयापर्यंत गेलो, अंतर साठ-सत्तर पावले असेल, पण परत येताना ती म्हणाली, "उद्यापासून मी संध्याकाळनंतर पाणी पिणार नाही." दुसऱ्या दिवशी मी त्याच पार्कात तिच्यासाठी एक केबिन घेतली आणि गाडी केबिनच्या दाराजवळच्या जागेवर हलवली. तिला पलंग मिळाला आणि आम्हाला गाडी.

सुटे शौचालय गाडीत वापरायचा विचार असेल तर एक संकोचाची गोष्ट लिहितो. आपण पाणी वापरणारी माणसे. त्याची टाकी साधारण २० लिटरची असते आणि कागद वापरणाऱ्यांना जी तीन दिवस पुरते ती आपल्या चौघांत दीड दिवसात भरते. ती उचलून डम्प स्टेशनवर, म्हणजे मैला टाकायच्या ठरलेल्या जागी, रिकामी करण्याचे काम कोण करणार, हे विमानात बसण्यापूर्वी ठरवावे. आमच्याकडे ते माझ्या वाट्याला आले.

गाडीवान

हे वाचून मी माझा सल्ला मागे घेतो. आम्ही तेव्हा दोघेच होतो आणि तिशीत होतो.

दक्षिणायन

आता क्रम लिहितो. २६ ला लांबच्या विमानप्रवासानंतर उलट्या झोपेने गाडी चालवू नये, ती रात्र क्राइस्टचर्चमध्येच काढा. २७ आणि २८ टेकापो. क्राइस्टचर्चपासून ते सुमारे २२५ किलोमीटर आहे आणि तो सगळा परिसर २०१२ पासून तारांकित आकाशासाठी राखीव आहे. मात्र डिसेंबरात साडेनऊपर्यंत सूर्य असतो, त्यामुळे तारे पाहायला मुलीला मध्यरात्री उठवावे लागेल. या उजेडाने आणखी एक फसगत होते: बाहेर लख्ख असते म्हणून माणसे रमतगमत येतात आणि पार्कचे कार्यालय केव्हाच बंद झालेले असते. उशीर होणार असेल तर फोन करावा.

२९ ला आओराकीजवळ. ३० आणि ३१ वानाका. वानाकाहून ते आनाउला जाताना क्राउन रेंजच्या घाटाऐवजी क्रॉमवेलवरून जावे, वळणे कमी आहेत. १ आणि २ ते आनाउ, ३ क्वीन्सटाउन. मिलफर्डला मुक्काम करू नका. तिथे कॅम्परव्हॅनसाठी मोजक्याच जागा आहेत आणि वाटेतले डॉकचे तळ वीज नसलेले आहेत. ते आनाउहून ११८ किलोमीटर जाऊन त्याच दिवशी परत यावे, आणि इंधनाची टाकी ते आनाउलाच पूर्ण भरावी. होमर बोगद्याजवळ थांबलात तर गाडीकडे लक्ष ठेवा. किआ पोपट खिडक्यांचे रबर चोचीने सोलून काढतात.

दुपारचा_चहा

सगळ्यांचे मनापासून आभार. कंपनीचे उत्तर आले: गाडी प्रमाणित नाही. ओला_टॉवेल यांचा प्रतिसाद मी यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर तळ्याचा विषय निघालेला नाही. आज सकाळपासून फोन करते आहे. ते आनाउला केबिन आणि तिच्याजवळ गाडीची जागा, दोन्ही मिळाले. क्राइस्टचर्च आणि क्वीन्सटाउनही झाले. वानाका शहरात काहीच नाही, टेकापोला एकच रात्र मिळते आहे. आओराकीला व्हाइट हॉर्स हिलच्या डॉक तळावर राहावे असे यजमानांना वाटते, कारण तिथूनच हूकर व्हॅलीची वाट सुरू होते. सासूबाईंना ते झेपेल का?

ओला_टॉवेल

शौचालये चांगली आहेत, पण अंघोळीची सोय नाही, वीज नाही, आणि डोंगरावरून येणारा वारा रात्री गाडी हलवतो. विजेची जोडणी नसेल तर हीटर चालेल का, हे कंपनीला विचारा. पुष्कळ गाड्यांत तो चालत नाही.

दक्षिणायन

ग्लेनटॅनरच्या हॉलिडे पार्कला फोन करा. आओराकी गावाच्या अलीकडे पंधरा-वीस मिनिटांवर, पुकाकीच्या काठाला आहे. तिथे विजेच्या जागा आणि केबिन दोन्ही आहेत. सकाळी लवकर निघून हूकर व्हॅलीला जाता येते. टेकापोची तुटलेली रात्र तिथेच जोडा किंवा जवळच्या ट्वायझेल गावात शोधा. वानाकासाठी लेक हावेआ आणि क्रॉमवेल पाहा, दोन्हीकडून वानाका गाडीने तासाभराच्या आत आहे.

दुपारचा_चहा

ग्लेनटॅनरला २८ आणि २९ ची विजेची जागा मिळाली, केबिन नाही. शौचालयाच्या सर्वांत जवळची जागा द्या, अशी विनंती लिहून ठेवली आहे. क्रॉमवेलवाले उद्या सकाळी कळवतो म्हणाले आहेत.

सुगरणकाकू

सासूबाईंसाठी डोक्याला लावायचा टॉर्च घ्या, हात मोकळे राहतात.