शब्दचर्चा : ‘अ‍ॅडाप्टोजेन’ला मराठीत काय म्हणावे?

पानटीप :
अश्वगंधा, शतावरी आणि गुळवेल यांच्या गोळ्या विकणाऱ्या एका कंपनीच्या वेष्टनावरील मजकूर मराठीत करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मूळ मजकुरात दर दुसऱ्या ओळीत ‘अ‍ॅडाप्टोजेन’, म्हणजे ताण सोसण्याची शरीराची शक्ती वाढवतो असे सांगितला जाणारा पदार्थ, आहे. आयुर्वेदात या वनस्पतींची गणना रसायनांत होते, म्हणून मी सरळ ‘रसायन’ लिहिले. मसुदा तांबड्या खुणांनी भरून परत आला. कंपनीचे म्हणणे असे की, वेष्टनाच्या पुढच्या बाजूस ‘१०० टक्के रसायनमुक्त’ असे ठळक छापले आहे, आणि मागच्या बाजूस ‘उत्तम रसायन’ छापले तर गिऱ्हाईक हसेल. ही अडचण खोटी नाही. त्यांनी सुचवलेला ‘ताणनाशक’ हा शब्द मात्र मला मान्य नाही, कारण गोळीने ताणाचा नाश होतो असे मूळ मजकूरही म्हणत नाही. शिवाय ‘ऊर्जा वाढवते’ असे लिहिताना महावितरणाची आठवण होते, त्यालाही पर्याय हवा आहे.

वैद्यबुवा :
शब्द आमचा आणि घराबाहेर काढले तेही आम्हालाच, असा हा प्रकार आहे. चरकाने चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाला दिला आहे, आणि ‘लाभोपायो हि शस्तानां रसादीनां रसायनम्’ अशी व्याख्याही केली आहे. रसादी धातू, म्हणजे शरीर घडवणारे घटक, उत्तम प्रतीचे मिळवण्याचा जो उपाय, ते रसायन. खते आणि फवारण्या फार नंतरच्या. कंपनीने ‘रसायनमुक्त’ खोडावे. ‘रसायन’ खोडण्याचे काही कारण नाही.

द्राक्षबाग :
बुवा, व्युत्पत्ती आपल्या बाजूची आहे, वापर नाही. कित्येक पिढ्या शाळेत रसायनशास्त्र शिकत आल्या आहेत. आमच्या नाशिककडे बागेत रसायन मारले असे म्हटल्यावर कोणाच्याही डोळ्यांपुढे च्यवनऋषी उभे राहत नाहीत.

पेशीजाल :
मी औषधशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. ‘अ‍ॅडाप्टोजेन’ हा आयुर्वेदातील कोणत्याही शब्दाचा अनुवाद नाही. तो १९४७ साली सोव्हिएत संशोधक निकोलाय लाझारेव्ह यांनी घडवला, आणि तोही डिबाझोल या कृत्रिम औषधाचा अभ्यास करताना. म्हणजे ज्या शब्दावर आज ‘निसर्गाची देणगी’ म्हणून माल खपतो, त्याचा जन्म प्रयोगशाळेतील एका रसायनापोटी (द्राक्षबाग यांच्या अर्थाने) झाला आहे. पुढे इस्रायल ब्रेखमन आणि दार्दिमोव्ह यांनी एल्युथेरोकॉकस या सैबेरियातील झुडपावर काम करून त्याच्या अटी मांडल्या: पदार्थ निरुपद्रवी असावा, कोणत्याही एका आघाताविरुद्ध नव्हे तर सरसकट सहनशक्ती वाढवणारा असावा, आणि शरीराचे बिघडलेले मान ज्या दिशेला ढळले असेल त्याच्या उलट दिशेने त्याला सावरणारा असावा. या कल्पनेच्या मुळाशी हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मांडलेली ताणाची उपपत्ती आहे. तेव्हा हा शब्द नाव कमी आणि दावा अधिक आहे. युरोपीय औषध संस्थेने २००८ साली या संकल्पनेचा आढावा घेतला, तेव्हा औषधाच्या अधिकृत वर्णनात तो वापरण्याजोगा मानला नाही. मराठी प्रतिशब्दातही हे दावेपण उरावे असे मला वाटते. जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘अनुकूलन’ रुळलेला आहे, त्यावरून ‘अनुकूलक’ घ्यावा.

काटकोन :
‘अनुकूलक’ वाचल्यावर पहिल्यांदा वातानुकूलक आठवतो. त्यातून आसंध (अश्वगंधा) वातशामक, म्हणजे खरोखरच वातानुकूलक! गोळी गिळायची की भिंतीवर बसवायची, हेही वेष्टनावर लिहावे लागेल.

वैद्यबुवा :
थट्टा सोडून देऊ. पेशीजाल यांचा इतिहास मान्य आहे, आणि त्यामुळेच माझाही हट्ट थोडा सैल होतो, कारण रसायन म्हणजे केवळ वनस्पती नव्हे. चरकाने आचाररसायन सांगितले आहे: ‘सत्यवादिनमक्रोधम्’ असा त्याचा आरंभ आहे आणि त्यात ‘समजागरणस्वप्नम्’ म्हणजे जागरण आणि झोप यांचा मेळ सांभाळणारा, असेही एक विशेषण आहे. रात्री दोनपर्यंत फोन पाहणाऱ्या माणसाच्या ताणाला लागू पडेल असे याहून नेमके वचन दाखवावे. शिवाय रसायनापूर्वी शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, सांगितले आहे. मळक्या वस्त्रावर रंग चढत नाही, हा दृष्टांत ग्रंथांतलाच. गोळीच्या डबीत यातले काहीच येत नाही. ‘रसायन’ नको असेल तर ‘बल्य’, म्हणजे बळ देणारे, घ्यावा. चरकाच्या बल्य गणातील दहा द्रव्यांत अश्वगंधा आहे. किंवा ‘सात्म्य’ या शब्दावरून ‘सात्म्यकर’ करावा. जे शरीराला मानवते ते सात्म्य.

द्राक्षबाग :
‘सात्म्यकर’ हा कर खात्याने नवीन लावलेला कर वाटतो. ‘मानवणे’ हे क्रियापद आपल्या वाक्यात आपण सहज लिहून गेलात आणि शब्द मात्र संस्कृतातून आणलात, याचे नवल वाटते.

सहाण :
आपण सर्व जण शीर्षकातच अडकला आहात, म्हणून मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळते. आमच्या साताऱ्याच्या घरी बाळगुटीत आसंध असे. सासूबाई सहाणेवर आईच्या दुधात एकेक काष्ठौषधी उगाळत. वेखंडाचा अर्धाच वेढा, हळकुंडाचा एक, आणि बाळ रात्री किरकिरत असेल तर आसंधाचा एक वेढा वाढवत. बाळ बाळसे धरावे आणि गाढ झोपावे, यासाठी आसंध. आता तेच मूळ थकलेल्या माणसाला तरतरी आणते म्हणून विकले जात असेल, तर तेथे ‘ऊर्जा’ किंवा ‘तरतरी’ असे लिहिणे अर्थाच्या दृष्टीनेच चुकीचे आहे. चहाने येते ती हुशारी. खाऊनपिऊन, झोप घेऊन महिन्या-दोन महिन्यांत अंगात साठतो तो तकवा. आसंध तकव्याच्या घरचे आहे, हुशारीच्या नव्हे.

पेशीजाल :
सहाणताई, आपला मुद्दा वनस्पतिशास्त्रीय नावानेही पक्का होतो. विथानिया सोम्निफेरा यातील ‘सोम्निफेरा’ म्हणजे निद्रा आणणारी. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या हैदराबादच्या एका चाचणीत ताणाची तक्रार असलेल्या ६४ जणांना दोन गटांत विभागून एका गटाला मुळाचा ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा ६० दिवस दिला होता. त्या गटात ताणाच्या प्रश्नावलीतील गुण आणि रक्तातील कॉर्टिसॉल (ताणात वाढणारे संप्रेरक), दोन्ही दुसऱ्या गटापेक्षा अधिक उतरले. चाचणी लहान होती, तरी ताण उतरण्याला काही आधार आहे असे म्हणता येते. त्यावरून लगेच ‘ऊर्जा वाढते’ असे म्हणता येत नाही.

काटकोन :
‘तकवा’ छापला तर मुंबई-पुण्यातील पस्तिशीच्या आतल्या किती जणांना कळेल?

सहाण :
छापल्यावाचून कसा कळेल? ‘अ‍ॅडाप्टोजेन’ तरी त्यांना आजीने शिकवला होता काय?

न्यूजर्सीकर :
येथील दुकानांत अश्वगंधेच्या बाटल्यांनी फळ्याच्या फळ्या भरलेल्या असतात. १९९४ च्या कायद्यानुसार हा माल पूरक आहार म्हणून विकता येतो, मात्र तो रोग बरा करतो असे बाटलीवर लिहिता येत नाही. ‘अ‍ॅडाप्टोजेन’ हा शब्द इतका फोफावण्याचे कारण मला तरी यातच दिसते: रोगाचे नाव घ्यावे लागत नाही आणि औषधाचा भास मात्र होतो. अशा अधांतरी शब्दाला मराठीत ‘बल्य’सारखा पायावर उभा असलेला शब्द देणे म्हणजे कंपनीला आयता मोठेपणा देणे होय. मी तर ‘तथाकथित’ लावून तोच शब्द देवनागरीत लिहिला असता.

वैद्यबुवा :
‘तथाकथित’ लावलेले वेष्टन कोणती कंपनी छापणार आहे?

पेशीजाल :
न्यूजर्सीकर यांच्याशी मी सहमत आहे. ‘निरुपद्रवी’ ही जी मूळ अट होती, तीच आता डळमळीत आहे. अश्वगंधा घेणाऱ्या काही जणांत यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडची औषधे चालू असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती परस्पर घेऊ नये असे सांगितले जाते, आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदीच घातली. मूळ मजकुरात ही सूचना बारीक अक्षरांत असेल तर पानटीप यांनी ती मराठीत तरी वाचता येईल अशी लिहावी.

वैद्यबुवा :
डेन्मार्कच्या बंदीवर बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण त्याआधी एक प्रश्न. त्या गोळ्यांत अश्वगंधेचे मूळ आहे की पान? काष्ठौषधींच्या दुकानात ‘आसंध द्या’ म्हटले की दुकानदार मूळच काढून देतो. पान असा त्या शब्दाचा अर्थच होत नाही. ‘अश्वगंधा’ म्हटले की सगळे झुडूप आले. मूळच असेल तर ‘आसंध’ लिहावे, पान मिसळले असेल तर लिहू नये.

द्राक्षबाग :
आमच्याकडे ‘आस्कंद’ म्हणतात. ‘आसंध’ कोठून आले?

सहाण :
सासूबाईंच्या तोंडून आले. ‘आस्कंद’ आमच्याकडील दुकानाच्या यादीत असे, घरात नसे.

पानटीप :
मूळ मजकुरात केवळ ‘एक्स्ट्रॅक्ट’ आहे; मूळ की पान याचा उल्लेख नाही. कंपनीला विचारले आहे, उत्तर आलेले नाही. तोवर ‘अश्वगंधा अर्क’ असे लिहून ठेवले आहे. ‘तकवा’ मला मनापासून आवडला. मसुद्यात घातला आहे आणि तो खोडला जाईल याची खात्री आहे.

वैद्यबुवा :
‘अर्क’ कृपया लिहू नये. आमच्या परिभाषेत अर्क म्हणजे भट्टीतून उतरवलेला, ओव्याचा अर्क असतो तसा. काढा आटवून जे घट्ट होते त्याला ‘घन’ म्हणतात. पेशीजाल यांनीही वर अर्कच लिहिले आहे.

काटकोन :
‘अश्वगंधा घन’ वाचून विद्यार्थी तिची बाजू तीनदा गुणतील.

पेशीजाल :
विद्यापीठात आम्ही अर्कच शिकवतो, आणि वैद्यबुवांच्या आक्षेपावर माझ्याकडे बरेच सांगण्यासारखे आहे. ‘सत्त्व’ शब्दाचेही त्यात पाहावे लागेल, कारण गुळवेलीचे सत्त्व म्हणजे पाण्याखाली बसलेला नुसता पिठूळ साका असतो आणि बाजारात मात्र कोणत्याही वनस्पतीच्या सत्त्वाच्या गोळ्या मिळतात.