मदत हवी आहे: अंधाऱ्या दालनात दोन दिव्यांनी लेव्हिट यांचा नियम दाखवायचाय

संग्रहालयातल्या रात्रीच्या खगोल कार्यक्रमात खगोलशास्त्रज्ञ हेन्रिएटा लेव्हिट यांचं टेबल माझ्याकडे आलंय. १९१२ साली त्यांनी लहान मॅगेलनिक मेघ या शेजारच्या दीर्घिकेतल्या २५ सेफीड ताऱ्यांवरून (ठराविक काळाने उजळणारे-मंदावणारे तारे) दाखवलं, की ठोका, म्हणजे उजळण्या-मंदावण्याची एक फेरी, जितका संथ, तितका तारा मुळात तेजस्वी. मुळातलं तेज आणि दिसणारं तेज ताडलं की अंतर निघतं. फलक कोणी वाचत नाही, म्हणून दोन दिवे: एक ५ मीटरवर, ठोका ३ सेकंदांचा, दुसरा १० मीटरवर, चौपट तेजाचा, ठोका १२ सेकंदांचा. दिसतात सारखेच. लांबचा कुठला, हे ठोक्यावरून ओळखायचं.

अडचण अशी की एलईडी मंदावताना शेवटी पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाची ८ बिटची पीडब्ल्यूएम आहे (दिवा झपाट्याने चालू-बंद करून तेज ठरवायची पद्धत, २५६ पायऱ्यांची). डोळ्याला बदल एकसारखा वाटावा म्हणून तेजाचे आकडे दुरुस्त करणारं गॅमा टेबल घातलं, तर पायऱ्या उलट जास्तच जाणवायला लागल्या. फिलामेंटचा बल्ब लाल पडतो आणि पोरं रंगातच अडकतात (खरे सेफीडही थोडे लालसर होतात म्हणा!). बाहेर जायच्या पाट्या उजळलेल्याच राहणार, लेझर चालणार नाही, दर गटाला २ मिनिटं.

डेल्टा सेफी (ज्यावरून सेफीड हे नाव पडलं तो तारा) खरं तर दुपटीहून थोडाच जास्त कमीजास्त होतो. तेवढाच बदल ठेवला तर पायऱ्या टळतील, पण १२ सेकंदांचा इतका संथ ठोका उभ्या माणसाच्या लक्षात येईल का, की १.५ आणि ६ सेकंद करू?