प्रतिसाद : छावणीत पोट भरतं, पण पुढे?

वर एकांनी लिहिलंय की निर्वासितांना तंबू, पाणी, शिधा मिळाला की सरकारची जबाबदारी संपली. मला हे अजिबात पटत नाही.

मी नाशिकचा. फाळणीनंतर आपल्या देवळालीच्या लष्करी बराकींमध्ये सिंधी कुटुंबं राहिली. हाल त्यांचेही झाले. पण राज्यघटनेच्या कलम ६ ने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाची वाट दिली. त्यांना मत देता आलं, दुकान टाकता आलं, गैरसोयीबद्दल हक्काने भांडता आलं. कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं ते याच जोरावर.

आता बांगलादेशातली कुतुपालोंगची निर्वासित छावणी बघा. ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारमधून सात लाखांहून अधिक रोहिंग्या (तिथले अल्पसंख्याक, बहुतांश मुस्लिम) बांगलादेशात आले. पक्कं घर बांधायला परवानगी नाही, म्हणून बांबू आणि ताडपत्री. मार्च २०२१ मध्ये आग लागली तेव्हा काटेरी तारेच्या कुंपणामुळे पळणंही अवघड झालं. मदतकार्याच्या निकषांत माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर छत धरतात. समजा, हे सगळं दिलं. तरी कुंपण राहतंच, आणि कुंपण काढा म्हणून कुणाकडे दाद मागायची? म्यानमारच्या १९८२ च्या कायद्याने बहुतेकांना नागरिकच मानलं नाही, आणि बांगलादेश त्यांना निर्वासित म्हणूनही मान्यता देत नाही.

'हे संयुक्त राष्ट्रसंघाचं काम' असंही कुणी म्हणालंय. राष्ट्रसंघ शिधापत्रिका देऊ शकतो, नागरिकत्व नाही. ते फक्त देशच देतो.