रोजच्या क्षणाची कविता: अक्षरं मोजावीत का?

उंबरा: साध्या क्षणाचा हायकू, म्हणजे तीन ओळींची जपानी घाटाची कविता, लिहायचा तर ओळींतली ५-७-५ अक्षरांची मोजणी आधी सोडावी, असं माझं ठाम मत आहे. उदाहरणादाखल हा कच्चा खर्डा:

रिक्षाचा हॉर्न
फुंकरीने दुमडे
दुधाची साय

शाळेची रिक्षा खाली थांबलीय, कपातलं दूध कढत आहे, पोर फुंकर मारतंय. क्षण पक्का आहे. पण ते 'दुमडे' बघा. 'दुमडते' लिहिलं की मधली ओळ ८ अक्षरांची होते, म्हणून 'ते' छाटलं. ओट्यापाशी उभं राहून 'साय दुमडे' असं कोण म्हणतं? मुळात हे माप जपानीचं. तिथे दीर्घ स्वर दोनदा मोजतात. 'तोक्यो' मराठीत २ अक्षरं, जपानी मोजणीत ४ (तो-ओ-क्यो-ओ). उलट आपलं 'घर' कागदावर २ आणि तोंडात एकच ठोका. दुसऱ्याच्या मापाने आपली बोली का कापायची?

कातरवेळ: अजिबात पटलं नाही. मोजणी फसलेली नाही, खर्डा अर्धवट सोडलाय. 'ते' छाटणं ही पळवाट झाली. एक अक्षर जास्त होतंय म्हणजे क्रियापद बदला, आणि त्यासाठी कपातल्या दुधाकडे पुन्हा बघा. थोडं थांबलेल्या दुधावर साय धरते ती पातळ असते. फुंकर मारली की ती सुरकुतत पलीकडच्या काठाला जाऊन चिकटते, फुंकर थांबली की थोडी मागे येते. म्हणून:

रिक्षाचा हॉर्न
साय काठाला जाते
पुन्हा फुंकर

मोजून बघा, ५-७-५. एकही शब्द पुस्तकी नाही. 'पुन्हा'मध्ये दूध अजून कढत असल्याचं आणि घाईचं दोन्ही आलं. आता मोजमाप बरोबर असूनही फसलेला नमुना बघा: 'दुधाची साय / जणू आईची माया / जपते ऊब'. इथे 'जणू' आलं आणि साय दिसेनाशी झाली. तिसरी ओळ अर्थ समजावायला लागली की ती खोडायचीच.

उंबरा: तुमची मधली ओळ माझ्यापेक्षा चांगली आहे, मान्य. पण ती पुन्हा बघितल्याने सुचली, मोजल्याने नाही.

कातरवेळ: पुन्हा बघायला लावलं कोणी? ८ अक्षरं चालली असती तर 'दुमडते'वरच थांबला असता.

जातं: तुम्ही दोघंही क्षणाकडे लांबून बघताय. आपल्याकडे रोजच्या क्षणाची कविता हातातल्या कामातून आली. एक हात जात्याच्या खुंट्यावर, दुसऱ्या हाताने वैरण, म्हणजे जात्यात मुठीने दाणे टाकणं. मूठ मोठी पडली तर भरड येते, फार कमी पडली तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. या लयीत ओळ बसवायची, अक्षरं कोण मोजणार? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी सहकाऱ्यांसोबत जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत माया, दुःख, माहेर सगळं उघड बोललेलं आहे. तेव्हा 'भावना सांगू नका' हा हायकूचा नियम असेल, कवितेचा नाही. आणि तुमच्या त्या तीन ओळींत दूध निववणारी बाई कुठे आहे? ओवीत ती आधी येईल:

दूध निववते बाई, ह्या पेल्यातून त्या पेल्यात
रिक्षा दारी उभी, बाळाचा एकच पाय मोज्यात

कातरवेळ: बाळाचा मोजा सुंदर आहे, तो हायकूत मावला नसता. पण ओवीला चाल धरून ठेवते. 'बाई'वर गळा थांबतो, तिथेच जात्याचा फेरा पुरा होतो. कागदावरच्या कवितेला ना गळा, ना खुंटा. म्हणून तिथे १७ अक्षरांचा धाक लागतो.

उंबरा: म्हणजे मोजमाप कामाचं असावं, हे तर दोघांनी मान्य केलं. मग मराठी हायकूचं मापही बोलीच्या ठोक्यावरून ठरवा. 'रिक्षाचा हॉर्न' मोठ्याने म्हणा: रिक्, षा, चा, हॉर्न. चारच ठोके पडतात. तुमचे पाच फक्त कागदावर आहेत.