वारीतल्या आजीचा फोटो: आधी गप्पा की आधी क्लिक?

सावळाप्रकाश:
आषाढी झाली की फोटोंचा पूर येतो आणि त्यातले निम्मे फोटो एकाच आजीचे वाटतात मला. सुरकुत्या, कपाळाला बुक्का, डोक्यावर तुळस, मागचं सगळं धूसर आणि एडिटिंगमध्ये क्लॅरिटीचा (सुरकुत्या ठळक करणारा) स्लायडर पार टोकापर्यंत ओढलेला. आजी कुठल्या गावच्या, कुठल्या दिंडीतल्या, कशाचा पत्ता नाही. माझं स्पष्ट मत आहे, पटलं तर घ्या नाहीतर भांडा, की समोरच्याशी चार शब्द बोलल्याशिवाय पोर्ट्रेट काढूच नये. शिष्टाचार वगैरे बाजूला ठेवा, मी म्हणतोय की त्याशिवाय फोटोच चांगला येत नाही. अनोळखी कॅमेरा रोखला की माणूस एकतर ताठ होतो नाहीतर तोंड फिरवतो. त्यापेक्षा कॅमेरा गळ्यात राहू द्या, शेजारी बसा, माऊली तिकडं पाऊस झाला का विचारा, पेरणी कोणावर टाकून आलात विचारा, पेरणीचा विषय निघाला की चेहऱ्यावर जे काही येतं ते कुठल्याही प्रीसेटमध्ये (तयार एडिटिंगमध्ये) मिळत नाही. फिल्मस्टारांचे फोटोग्राफर गौतम राजाध्यक्षांनी नुसते फोटो काढले नाहीत, त्या माणसांवर लिहिलंसुद्धा (त्यांचं 'चेहरे' हे पुस्तक ज्यांच्याकडे आहे त्यांनी उसनं देऊ नका, परत येत नाही). फोटोग्राफर सुधारक ओलव्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते काय फूटपाथवरून झूम करून काढले?

टेलीवाला:
असहमत. राजाध्यक्षांच्या समोर बसायचे ते फिल्मस्टार, चेहरा हेच त्यांचं भांडवल, त्यांच्याशी गप्पा मारून काम होतं. वारीतल्या आजीला "फोटो काढू का" विचारलंस की ती पदर सारखा करते, हात मांडीवर ठेवते आणि भिंतीवर लावायच्या फोटोसारखी बसते. गेला क्षण.
फ्रेंच फोटोग्राफर कार्तिए-ब्रेसाँ जोलिओ-क्युरी या शास्त्रज्ञ जोडप्याकडे गेला तेव्हा दार उघडल्या उघडल्या त्याने आधी फोटो काढला आणि मग नमस्कार केला. दोघं हात गुंफून अवघडून उभे आहेत, आणि तो फोटो आजही बघतात लोक. आणि कॅनडाचा पोर्ट्रेट फोटोग्राफर कार्श? १९४१ च्या डिसेंबरात ओटावाच्या पार्लमेंटमध्ये चर्चिल भाषण करून बाहेर आला, फोटो काढायचाय हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं, वैतागलेला, तोंडात सिगार. कार्शने गप्पा नाही मारल्या, सरळ पुढे होऊन सिगार काढून घेतला. तो संतापलेला चेहरा आता इंग्लंडच्या पाच पौंडांच्या नोटेवर आहे. नंतर लगेच चर्चिल हसला त्याचाही फोटो आहे, तो किती जणांनी पाहिलाय?

सावळाप्रकाश:
अरे पण सिगार काढायला हाताच्या अंतरावर जावं लागतं ना, तुझ्या दोनशे एमएमच्या, लांबून फोटो काढायच्या टेली लेन्सने निघाला असता का? मी गोड बोला कुठे म्हटलंय. समोरच्याला कळलं पाहिजे की इथे कोणीतरी आहे आणि ते माझ्याकडे बघतंय. चर्चिलला ते चांगलंच कळलं.

नाना_स्टुडिओ:
दोघांचं वाचलं. आमचं दुकान लोणंदला, पालखीच्या वाटेवरच, पासपोर्ट फोटोपासून लग्नापर्यंत सगळं करतो. तुमच्या गप्पा-बिप्पा ठीक आहेत हो, पण गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबतं. त्यात काय करायचं ते सांगतो. डोळे मिटा म्हणायचं आणि मी सांगितल्यावर उघडा, उघडल्याच्या पहिल्या क्षणी चेहरा मोकळा असतो. हनुवटी जरा पुढं घेऊन खाली. आणि सगळ्यात मोठी युक्ती म्हणजे "झालं!" म्हणायचं, माणूस श्वास सोडतो, खांदे पडतात, तेव्हा खरा फोटो काढायचा.
दुसरं, डोकं-खांदे एवढी फ्रेम भरायची तर ८५ एमएमच्या लेन्सने साधारण दीड मीटरवर उभं राहावं लागतं आणि २०० एमएमने साडेतीन मीटरच्या आसपास. दीड मीटरवर कुजबुजलं तरी ऐकू येतं, साडेतीन मीटरवर आणि तेही टाळमृदंगात ओरडावं लागतं. वाइड लेन्स घेऊन तोंडात घुसलात तर नाक वांग्याएवढं येतं ते वेगळंच. म्हणजे लेन्स निवडली तिथंच तुमचा अर्धा वाद संपतो.

सावळाप्रकाश:
नाना बाकी सगळं मान्य, पण ते "झालं" म्हणणं म्हणजे फसवणूकच की.

नाना_स्टुडिओ:
गिऱ्हाईक फोटो बघून खुश होऊन जातं, अजून कोणी तक्रार केली नाही.

कऱ्हाकाठ:
मी सासवडची. आमच्या चुलत आजीचा असाच कोणीतरी काढलेला फोटो एका कॅलेंडरवर आला, आम्हाला शेजारच्या काकूंनी आणून दाखवला. खाली ओळ काय तर "विठुरायाच्या भेटीची आस". आजी त्या वेळी पाण्याच्या टँकरची वाट बघत होती! तिने स्वतःच सांगितलं, मागे टँकरचा पाइप दिसतोय म्हणाली. आमची आजी एरवी इतकी खिदळते की दिंडीत तिच्याजवळ चालायला पोरी भांडतात, आणि कॅलेंडरवर ती जगाचं दुःख घेऊन बसलीय. टेलीवाला, तुमचा तो क्षण म्हणताय तो आजीचा नव्हता, फोटो काढणाऱ्याच्या डोक्यातला होता.
पण सावळाप्रकाश तुम्हीही फार खुश होऊ नका. मुक्कामाला एकामागून एक कॅमेरेवाले येऊन टेकतात आणि सगळे तोच पेरणीचा प्रश्न विचारतात. दिवेघाट चढून आलेल्या बाईला पाय पसरायचे असतात, तिला तुमची मुलाखत नको असते. एकाला तर आजी म्हणाली, फोटू काढ बाबा आणि जा.

सावळाप्रकाश:
टँकर!! 😂 हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कोणीतरी.
हे नवीन नाही पण. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात निपोमोला वाटाण्याच्या मळ्यापाशी अडकलेल्या मजुरांच्या छावणीत त्या आईचा फोटो काढला, लेकरं खांद्यात तोंड खुपसून उभी असलेला. नावसुद्धा विचारलं नाही. जगाला ती बाई 'स्थलांतरित आई' म्हणून पाठ आणि फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव कळलं १९७८ ला, तेव्हा ती म्हणाली की मला यातून काहीच मिळालं नाही. 'नॅशनल जिऑग्राफिक'च्या मुखपृष्ठावरच्या हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचंही तेच, फोटो १९८४ चा, तिला स्वतःला तो बघायला मिळाला २००२ मध्ये.

टेलीवाला:
आणि पुढचं सोयीस्करपणे विसरलास. लँगचे फोटो छापून आले म्हणून सरकारने त्या छावणीत वीस हजार पौंड वजनाचं अन्न पाठवलं. थॉम्पसनबाई तोवर पुढच्या गावी निघून गेल्या होत्या हे खरं, पण बाकीचे होते ना तिथे. लँग चहा पीत गप्पा मारत बसली असती तर काय मिळालं असतं?
कऱ्हाकाठ, आजीच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे पण तो दोष ओळ लिहिणाऱ्याचा. फोटोखाली काहीच लिहिलं नसतं तर?

कऱ्हाकाठ:
तर लोकांनी मनातल्या मनात तेच लिहिलं असतं. म्हातारी बाई, तुळस, सुरकुत्या, अजून काय सुचणार.
मला गप्पा नकोत आणि लपूनछपून तर अजिबात नको. काढलेला फोटो तिथल्या तिथे स्क्रीनवर दाखवा, आजी नको म्हणाली तर तिच्यासमोर डिलीट करा, आवडला तर एक प्रिंट द्या. व्हॉट्सॅप करतो म्हणून नंबर घेऊन जातात आणि पाठवत नाहीत तो प्रकार बंद करा.

टेलीवाला:
स्क्रीनवर दाखवलं की पुढचे सगळे फोटो पोज देऊन. पण चला, शेवटी दाखवायला हरकत नाही.

नाना_स्टुडिओ:
प्रिंटचं निघालंय म्हणून सांगतो. चार बाय सहा आमच्याकडं पाच मिनिटांत मिळतो. पालखी लोणंदला असते तेव्हा मोठमोठ्या लेन्सवाले रोज दुकानात येतात, एकानंही अजून कुणा माऊलीसाठी प्रिंट मागितलेला नाही. बॅटरी चार्जिंगला लावायला मात्र पायरीपर्यंत रांग असते.