एकदा लेप दिला की झालं, असं नाही
एकानं विचारलंय की ॲल्युमिनियम काढायच्या विजेच्या सेलमध्ये कार्बनऐवजी धातूचा ॲनोड (धन टोकाचा विद्युताग्र) वापरायचा, तर त्याला सिरॅमिकचा जाड लेप एकदाच देऊन का भागत नाही? अहो, सेलमध्ये साधारण ९६० अंशांचं वितळलेलं क्रायोलाइट (सोडियम-ॲल्युमिनियमचं फ्लोराइड) असतं, आणि ते मुळात निवडलंय तेच ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, विरघळवतं म्हणून! मग तुमच्या सिरॅमिकच्या, म्हणजे ऑक्साइडच्याच लेपाला ते बरं सोडेल? त्यात धातू आणि सिरॅमिक सारखे प्रसरण पावत नाहीत. बारीकशी चीर पडली की आतल्या ॲनोडच्या धातूतलं लोखंड-तांबं ॲल्युमिनियममध्ये उतरलंच म्हणून समजा.

मला सिरियम या धातूची युक्ती जास्त पटते. द्रवातच थोडं सिरियम संयुग घालायचं; ॲनोडपाशी त्याचं ऑक्सिडीकरण होऊन सिरियम ऑक्सिफ्लोराइडचा (ऑक्सिजन-फ्लोरिनबरोबरच्या संयुगाचा) थर जागच्या जागी बसतो, झिजला की पुन्हा धरतो. फक्त थोडं सिरियम ॲल्युमिनियममध्येही जातं, ते नंतर काढत बसावं लागतं.