नागरिकत्वाचा 'त्याग' की 'फारकत'?

प्रश्न : पेपरात नेहमी 'अमुक धनाढ्याने नागरिकत्वाचा त्याग केला' असं छापून येतं. कराच्या ओझ्यातून सुटायला देश सोडला, तर त्याला त्याग म्हणायचं का? आमच्या गावच्या वाचनालयात (तालुका दारव्हा) दोन दिवस यावरून वाद चालू आहे.

उत्तर : मला तरी त्याग म्हणवत नाही. आपल्या वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी असहकाराच्या काळात रायबहादूर ही पदवी परत केली, तो त्याग. त्यात पदरचं काहीतरी जातं. फेसबुकचा एक संस्थापक एदुआर्दो सॅव्हरिन याने २०११ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आणि २०१२ च्या मे महिन्यात कंपनीचे शेअर बाजारात आले. तो राहायचा सिंगापुरात, तिथे भांडवली नफ्यावर कर नाही. कर हे कारण नव्हतं असं त्याच्या बाजूने सांगितलं गेलं, ते खरंही असेल. तरी त्याग हा शब्द तिथे बसत नाही.

माझा शब्द फारकत. मूळ फारखत : फारिग म्हणजे मोकळा, खत म्हणजे लेखी कागद. आजोबांच्या पेटीत असा एक कागद आहे, घडीवर फाटलेला. भागीतली जिनिंग मोडली तेव्हाचा. शेवटची ओळ : 'आता कोणाचे कोणाकडे काही घेणे राहिले नाही.' आधी हिशेब, मग मोकळीक. पाडव्याला सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचं, साल सुटतं तेव्हाही तेच, "उचल फिटली ना भाऊ, मंग जाय खुशाल."

अमेरिकेचा कायदा हेच करतो. तिथे नागरिक जगात कुठेही राहो, कर लागू. म्हणून सोडून जाणाऱ्याची मालमत्ता २० लाख डॉलर किंवा त्याहून जास्त असली, तर आदल्या दिवशी ती सगळी विकली असं धरून नफ्यावर कर लावतात. तिकडे त्याला एक्झिट टॅक्स म्हणतात. मी 'फारकत-कर' म्हणेन.

— काकाजी, पटलं. पण आमच्याकडे फारकत म्हटलं की नवरा-बायकोच डोळ्यांपुढे येतात. आणि आपल्या देशातून जे जातात ते सगळे काही धनाढ्य नसतात. २०२२ मध्ये सव्वादोन लाखांवर भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. त्या सगळ्यांची फारकत म्हणायची?

— नाही बेटा, त्यांच्यासाठी 'सुटणं'. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. दुसऱ्या देशाचं स्वखुशीने घेतलं की १९५५ च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे इथलं आपोआप संपतं. कलम ८ प्रमाणे स्वतः लिहून दिलं तर ते 'सोडणं'. मराठीत हा फरक एक स्वर आणि एक व्यंजन बदलून होतो, वापरून घ्यावा. शिवाय आपल्याकडे आयकर मुख्यतः वास्तव्यावर ठरतो, पासपोर्टवर नाही. एखादा पासपोर्ट इथलाच ठेवून, वर्षातले भारतातले दिवस ठरलेल्या मर्यादेच्या आत राहतील असं मोजत परदेशी राहत असेल, तर तिथे त्यागही नाही, फारकतही नाही. त्याला साधं 'बिऱ्हाड हलवणं' म्हणावं. इथल्या भाड्याचं उत्पन्न तर तरीही इथल्याच हिशेबात येतं.